अक्काची ओळ आणि नखभर चीर

अगं ये, कागदावर का होईना, जरा जवळ सरक. फोनवर बोलतेस ते काय बोलणं म्हणायचं? "जेवलीस का मावशी, गोळ्या घेतल्यास का मावशी, ठेवते मावशी." तीन वाक्यांत मावशी गुंडाळून ठेवतेस. पंचमीला येते म्हणालीस, दिवाळीला येते म्हणालीस, आता तर येते म्हणायचंसुद्धा सोडलंस. स्वतःला नातवंडं झाली म्हणून मावशी संपली होय गं? असू दे. जास्त रागावत नाही. रागवायला मला तोंड कुठं आहे? मी जे सांगणार आहे ते वाचल्यावर तूच रागावशील. तोंडानं सांगायला गेले की जीभ टाळ्याला चिकटते, म्हणून वही घेतली.

तुझ्या आईचा आवाज असलेली रेकॉर्ड माझ्या घरात आहे. खरंच आहे. कपाटात, काजूच्या पत्र्याच्या डब्यात, माझ्या जुन्या धुवट पातळात गुंडाळून ठेवली आहे. आणि तिला चीर गेली आहे. काठापासून आत, नखभर. रोज सकाळी चहाच्या आधी मी डबा उघडून बघते, चीर वाढली का. टेपनं मोजते, ब्लाऊज शिवायची सवय ना. परवा पाऊण इंच भरली. काल इंच वाटली. आता चीर वाढली की माझे डोळे गेले, हे कुणाला विचारू?

आता पहिल्यापासून सांगते.

तू तेरा दिवसांची होतीस तेव्हा अक्का गेली. माझी थोरली बहीण, तुझी आई. तिचा एकच फोटो तुझ्याकडे आहे, लग्नातला, आणि त्यातही तोंड गच्च मिटलेलं. तू लहानपणी मला विचारायचीस, "आईचा आवाज कसा होता गं? तुझ्यासारखा?" मी म्हणायचे, "माझ्यासारखा असता तर गल्लीनं हाकलली असती." तू हसायचीस. मग पुन्हा तेच विचारायचीस. ते पुन्हा विचारणं मला कायम टोचत आलं.

आमच्या गल्लीत एक पेटीवाले राहायचे. लग्न, भजन, नाटक, जिथं बोलावणं तिथं ते पेटी घेऊन हजर. तेव्हा आपल्या कोल्हापुरात सिनेमे निघायचे. एका सिनेमाच्या गाण्यात मागं म्हणायला पोरी हव्या होत्या. पेटीवाल्यांनी गल्लीतल्या सहा पोरी टांग्यात कोंबल्या आणि स्टुडिओत नेल्या. अक्का अकरा वर्षांची, मी आठ. आत भिंतींना गोणपाट लावलेलं होतं. त्याचा दमट वास, दार लावल्यावर बाहेरचा सगळा आवाज कापल्यासारखा बंद. मला तिथं इतकी भीती वाटली की मी अक्काचा परकर धरून ठेवला. पेटीवाल्यांनी मला दोन ओळी म्हणायला लावल्या आणि म्हणाले, "तू मागं ऱ्हा बाळ, नुसतं तोंड हलीव." म्हणजे त्या गाण्यात मी नाहीच. तोंड हलवायला मात्र पेढा मिळाला.

मधली एक ओळ एकाच पोरीनं म्हणायची होती. तिघींकडून म्हणवून घेतली. अक्का शेवटची. तिची झाल्यावर काचेपलीकडच्या माणसानं हात वर केला, आणि आम्हाला घरी पाठवलं.

सिनेमा लागला तेव्हा आई आम्हाला घेऊन गेली. पडद्यावर एका झोक्यावर कुणी गोरीगोमटी अनोळखी पोर बसली होती. तिनं तोंड उघडलं आणि ती ओळ आली. अक्कानं माझ्या मनगटात नखं रुतवली. "माझा आवाज तिच्या तोंडात कसा गेला गं?" म्हणाली. आम्हाला वाटलेलं, पोर खूश होईल. ती पांढरी पडली होती.

त्यात शेजारची एक म्हातारी, दारात तांदूळ निवडत बसलेली, म्हणाली, "आवाज उतरवून दिलास व्हय गं? आता तुझ्याजवळ काय ऱ्हायलं? दिलेला आवाज माणसाला वडून नेतोय बघ." आई तिच्यावर खेकसली, "तुमच्या जिभेला काय हाड हाय का न्हाय?" पण व्हायचं ते झालं. पुढं कितीतरी दिवस अक्का सकाळी उठली की रिकाम्या घागरीत तोंड घालून "ओ" करायची. आतून परत आला की सुस्कारा सोडायची. आवाज आहे अजून.

मग ती आजऱ्याला गेली, सासरी. आणि चार वर्षांनी तू आलीस अन् ती गेली. मी शहाणी बाई आहे, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण म्हातारीचं ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही, हेही खरं.

तेव्हापासून मला सिनेमा बघता येत नाही लोकांसारखा. बघते खूप, पण नायक-नायिकेकडं माझं लक्ष नसतं, त्यांना बघायला सगळी दुनिया आहे. मी बघते मागं नाचणाऱ्या पोरी, वरातीतली माणसं, पाण्याचा ग्लास घेऊन येणारा गडी. त्यांची नावं कुणी लिहीत नाही. टीव्हीवर जुना सिनेमा लागला की शेजारीण म्हणते, "काकू, हिरॉइन तिकडं हाय, तुमी कोपऱ्यात काय बघताय?" तिला काय सांगू? परवा तिच्या लेकीनं मला नव्या थेटरात नेलं, खुर्ची मागं रेलणारी. तिथं आवाज चारी बाजूंनी येतो. मागनं कुणीतरी हाक मारल्यासारखं झालं आणि मी दचकून वळले. मागं भिंत. उरलेला सगळा सिनेमा मी पदर घट्ट धरून बघितला.

रेकॉर्डींचं वेड तुझ्या काकांमुळं लागलं. ते फर्निचर पॉलिशवाले, तुला आठवतात ना, बोटं कायम तांबूस. कुणीतरी टाकून दिलेला किल्लीचा ग्रामोफोन त्यांनी घरी आणला, पेटी घासून अशी चकचकीत केली की तोंड दिसावं. मग मी जुन्या बाजारात तबकड्या बघायला लागले. मला राग कळत नाही, ताल कळत नाही. मी तबकडी घ्यायचे ती मागं बायकापोरी म्हणतात का, एवढंच विचारून. दुकानदार हसायचे. शंभरेक झाल्या असतील, सगळ्या कपाटात उभ्या ठेवलेल्या. आडव्या ठेवल्या की वजनानं खालच्या वाकतात, एवढं मी आपलं आपण शिकले. पण अक्काचं गाणं काही हाती लागेना. तुझ्या लेकानं मोबाइलवर शोधलं तेव्हा तो म्हणाला, असा सिनेमा होता हेच कुठं दिसत नाही.

आता ते सांगते, ज्याच्यासाठी वही घेतली.

सहा वर्षांमागं मी तुला फोन केला होता, "मिळाली, मिळाली!" म्हणून. आठवतं? कागलला एका घरी नवा स्लॅब टाकायचा म्हणून माळा रिकामा करत होते, तिथं मिळाली. तू फोनवर रडलीस. रविवारी येते म्हणालीस. आणि शनिवारी मी तुला सांगितलं की ते दुसरंच गाणं निघालं. तू म्हणालीस, "असू दे मावशी, तू वाईट वाटून घेऊ नको."

ते दुसरं गाणं नव्हतं गं. तेच होतं.

तबकडीवर बुरशी आली होती; मधल्या कागदावरचं सिनेमाचं नाव तेवढं वाचता येत होतं, वाजवली नव्हती. तू येणार म्हणून मी स्वच्छ करायला बसले, शनिवारी दुपारी. प्लास्टिकच्या मोठ्या रेकॉर्डी मी नेहमी कापसाला स्पिरिट लावून पुसते, लख्ख निघतात. तुझ्या काकांची उरलेली बाटली होती. कापूस भिजवला, गोल गोल फिरवला. आणि एकदम घरात तुझे काका आल्यासारखा वास आला. त्यांच्या अंगाचा, कामाचा. मला इतकं बरं वाटलं की मी दोन क्षण डोळे मिटून तशीच पुसत राहिले. मग कळलं तो वास कसला. चपडा लाखेचा. जुन्या तबकड्या लाखेच्या असतात, बांगडीसारख्या. आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. चाळीस वर्षं ज्या बाईनं नवऱ्याला रोज सकाळी पॉलिशसाठी तेच करताना बघितलं, बरणी हलवून दिली, तिनंच हे केलं. डोळे उघडले तर कापूस काळा कुळकुळीत. अक्काची ओळ त्या कापसावर होती. लावून बघितली. कढईत भजी तळल्यासारखा आवाज, बाकी काही नाही.

मी खोटं बोलले. कारण मला म्हातारी आठवली, आणि वाटलं, अक्काला एकदा यंत्रानं नेलं, आता दुसऱ्यांदा मी नेलं. तुला कसं सांगणार होते?

म्हणून राजारामपुरीतल्या आमच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याला मी त्याच गाण्याची दुसरी तबकडी शोधायला सांगून ठेवलं होतं, आणि गेल्या महिन्यात तो दारात आला. साठीचा माणूस, मिशा पिकलेल्या, पण बोलणं तेच रांगडं.

"आज्जी, तुमची ती तबकडी गावली. पर जरा दुखणं हाय तिला."

"दुखणं म्हंजे?"

"चीर हाय. आजऱ्याच्या एका काजूवाल्याच्या माळ्यावर डबा हुता, चाळीस तबकड्या. बाकी सगळ्या ठणठणीत. हीच नेमकी."

"तू पाडलीस काय रे?"

"म्या? एस्टीत मांडीवर घिऊन आलोय, लेकरागत! शेजारची बाई इचारतीया, डब्यात लाडू हायत काय. म्हटलं, लाडू असतं तर तुमास्नी दिलं असतं, ही न्हाय द्यायची."

"वाजंल का?"

"वाजंल. एकदा तर वाजंल. चिरेवरनं सुई गेली की टक हुणार. दुसऱ्यांदा लावायची असंल तर मला इचारू नका."

"अन् पहिल्याच वेळेला फुटली तर?"

त्यानं कान खाजवला. "आज्जी, तुमी सगळं वंगाळच इचारताय."

विचारणार नाही तर काय? आजऱ्यात होती बघ इतकी वर्षं. अक्का तिथं चार वर्षं नांदली. तिनं कुणाच्या खिडकीतनं स्वतःला ऐकलं असेल का, हे आता मला झोपताना सतावतं.

त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. खाली कोचिंग क्लास, तो सुटला की तीस-चाळीस गाड्या एकदम चालू होतात आणि माझं कपाट थरथरतं. वरच्या मजल्यावर चटणीचा मिक्सर लागला की मी कपाटाला हात लावून उभी राहते, जणू माझ्या हातानं थांबणार आहे. शेजारणीचं मांजर आत आलं तर मी त्याला अशी ओरडले की ते आठ दिवस फिरकलं नाही. कुणी म्हणतं मुंबईला पाठवा, तिथं लोक कॉम्प्युटरवर उतरवून देतात. कुरिअरनं? तिच्यावर कुणी आंब्याची पेटी ठेवली तर?

आणखी एक कबूल करते. गेल्या आठवड्यात क्लासला सुट्टी होती. दुरुस्तीवाला त्याचं हलक्या हाताचं मशीन ठेवून गेला होता, ग्रामोफोनची सुई जड पडते म्हणून. दुपारी मी तबकडी लावली. सुई ठेवली. टक. टक. टक. मग पेटी सुरू झाली, आणि मला त्या गोणपाटाचा वास आला, खरंच आला. चार-पाच फेऱ्या झाल्या असतील. आता पोरी म्हणणार, एवढ्यात मी सुई उचलली.

फुटेल म्हणून उचलली असं तुला सांगितलं असतं, पण आता खोटं पुरे. मला वाटलं, ती ओळ आली आणि मी तिला ओळखलंच नाही तर? तिघींनी म्हटली होती ती. आई म्हणाली आपलीच, अक्का म्हणाली माझीच, मी तर आठ वर्षांची, तोंड हलवणारी. आणि त्याहून वाईट सांगू? कित्येक वर्षं अक्का माझ्या मनात बोलते ना, ती तुझ्या आवाजात बोलते. "मावशी" म्हणतानाचं ते तुझं शेवटी उचलणं, तसंच ती मला हाक मारते. तिचा खरा आवाज माझ्याकडं शिल्लक आहे की मी तो कधीच पुसून टाकला, कापसानं पुसावा तसा, हे मला माहीत नाही. ते एकटीनं कळून घ्यायचं धाडस माझ्यात नाही.

तर तू ये. सहा वर्षांमागचं रागवायचं असेल तर समोर बसून रागाव, मी ऐकून घेईन. दुरुस्तीवाल्याला मी बोलावून ठेवते. तुझ्या मोबाइलवर आवाज धरून ठेवता येतो म्हणे, तो पुरता चार्ज करून आण. सुई तू ठेव, मी ठेवली तर पुन्हा उचलीन. टक झालं तर घाबरू नकोस, घाबरायचं काम माझ्याकडं आहे. आणि फुटायचीच असेल तर दोघींच्या देखत फुटू दे.

उन्हं तापायच्या आत ये, लाख उन्हानं मऊ पडते. या रविवारी नाही जमलं तर पुढच्या. आणि "येते" म्हणून फोन करू नकोस बाई, ते लई ऐकलं. एस्टीत बसलीस की मग कर. ये की लवकर.