ओरेगॉनच्या वाटेवरची चूल

धाकटीला त्या सहलीतलं फक्त मोटेलमधलं पोहण्याचं तळं आठवतं, असं ती मला परवा फोनवर म्हणाली. तेव्हा ती सहा वर्षांची होती, त्यामुळे तिला दोष नाही. पण हजार मैल जाऊन आठवणीत एक तळं उरावं हे मला बरं वाटलं नाही, म्हणून हे लिहून पाठवते आहे. नावं घालत नाही. थोरलीला थोरली म्हणेन, धाकटीला धाकटी. तुमचा बाबा म्हणजे माझा मुलगा, तुमची आई म्हणजे सूनबाई. आणि मी तुमची पुण्याची आजी, जन्मभर मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलेली, आणि सूनबाईंच्या मते कपाटातल्या घड्यासुद्धा पट्टी लावून घालणारी.

२००६ चा उन्हाळा होता. मी तुमच्याकडे नेपरव्हिलला सहा महिन्यांसाठी आले होते. थोरलीला त्या वर्षी शाळेत ओरेगॉन ट्रेल शिकवला होता. दीडशे वर्षांपूर्वी लोक पांढऱ्या छपराच्या गाड्यांत संसार भरून मिसुरी नदीपासून थेट पश्चिमेला ओरेगॉनपर्यंत गेले, ती वाट. थोरलीला त्या वाटेचं वेडच लागलं. वरणभात कालवता कालवता ती आम्हाला सांगायची, की गाडीत बसायला जागाच नसे, पीठ आणि अवजारं गाडीत आणि माणसं पायी. अमुक नदी ओलांडताना गाड्या कशा उलटायच्या. कॉलरा कुठे गाठायचा. धाकटी एकदा भात पुढे सारून उठून गेली. मी मात्र ऐकत राहायचे. इतकी वर्षं शाळेत काढली, पण इतिहासावर असं तुटून पडणारं मूल मला वर्गात क्वचितच भेटलं होतं. ते घरातच सापडल्यावर मी तिच्या पक्षात गेले.

पक्ष घ्यायची वेळही लगेच आली. मुलाच्या मनात सुट्टीत फ्लोरिडाला जायचं होतं. थोरलीने इंटरनेटवर नेब्रास्काच्या पश्चिम टोकाचं एक रँच, म्हणजे घोड्यागुरांचं मोठं कुरण, शोधून ठेवलं होतं. तिथे आलेल्या कुटुंबांना एक दिवस त्या जुन्या वाटेवर घोडागाडीतून नेत.

"हजार मैल ड्राइव्ह करून गवत बघायचं?" मुलगा म्हणाला.

"गवत नाही बाबा, रट्स. अजून दिसतात."

म्हणजे चाकोऱ्या. हजारो गाड्यांच्या चाकांनी जमिनीत पाडलेल्या. मी म्हटलं, मला चाकोऱ्या बघायच्या आहेत. सूनबाईंनी फ्लोरिडातल्या उन्हाचा विचार केला आणि त्याही आमच्या बाजूला आल्या. मुलगा एकटा पडला.

त्या रँचची एक पद्धत होती. सकाळी प्रत्येक कुटुंबाने आपापली चूल पेटवायची, तीही त्या काळचे लोक पेटवत तशी, आणि तिच्यावर कॉफीची किटली उकळायची. ज्यांची किटली आधी उकळेल त्यांच्यातलं एक मूल पुढच्या फळीवर, गाडीवानाशेजारी बसणार आणि लगाम हातात घेणार. वेबसाइटवर फोटो होता. वेण्या घातलेली एक मुलगी, हातात लगाम, समोर दोन घोड्यांच्या पाठी. थोरलीने तो छापून फ्रिजवर लावला. त्या दिवसापासून तिला दुसरं काही नको होतं. ती फळी हवी होती. खरं म्हणजे बैल हवे होते, घोडे नव्हे, असं ती बजावायची, पण घोड्यांवर भागवायला तयार होती.

मी आणि सूनबाई डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या आपल्या देशी दुकानांतून सामान घेऊन आलो. दशम्या केल्या, तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या, बेसनाचे लाडू वळले, मेतकुटाचा डबा भरला. मी प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावली. व्हॅनची मागची बाजू भरल्यावर मुलाने आत डोकावून बघितलं आणि म्हणाला, "आई, आपल्याला ओरेगॉनला नाही जायचंय. अर्ध्यातून परत यायचंय."

मिसिसिपीचा पूल आला तेव्हा थोरलीने सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मग आयोवातला मका. किती मका, काही विचारू नका. मी शिस्तीने खिडकीबाहेर बघत राहिले आणि मका संपायची वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी प्लॅट नदी लागली, उथळ आणि ऐसपैस, पाण्यापेक्षा वाळूच जास्त. तिच्या काठाकाठानेच ते लोक गेले होते. आता थोरली पुढे वाकून बाबाच्या खांद्यामागून बघत होती. संध्याकाळी क्षितिजावर काहीतरी बारीक उभं दिसलं, एखादं बोट वर केल्यासारखं. चिमणी रॉक, म्हणजे धुराड्यासारखा खडक. गाड्यांतले लोक कित्येक दिवस आधीपासून तो सुळका शोधत असत. थोरली ओरडली नाही. तिने नुसता माझा हात धरला आणि सुळका मोठा होईपर्यंत सोडला नाही. मी चौसष्ट वर्षांची होते आणि मला शाळेच्या सहलीला निघाल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रँचवर पोचलो. ते चालवणारी बाई माझ्याच वयाची होती. उन्हाने रापलेला चेहरा, गवती हॅट, घोट्यापर्यंतचा फुलाफुलांचा घागरा. बाकीची तीन कुटुंबं अर्ध्या चड्डीत होती. मी साडी आणि कॅनव्हासचे बूट अशी होते. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, आज इथे आपण दोघीच बरोबर कपड्यांत आलोय. मला ती आवडली.

मग तिने एक पोतं आणून जमिनीवर उपडं केलं. त्या माळावर झाडं नाहीत, त्यामुळे लाकूड नाही. मग लोक जाळत काय, तर बायसनचं, म्हणजे तिथल्या रानगव्यांचं, वाळलेलं शेण. शेजारच्या कुरणातून तिने ते गोळा करून आणलं होतं. बाकीची मुलं नाकं धरून मागे सरकली. थोरली पुढे झाली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात इंग्रजीत म्हणाली, की इंडियात माझी आजी यावरच स्वयंपाक करते.

सगळे माझ्याकडे आदराने बघायला लागले.

मी आयुष्यभर गॅसवर स्वयंपाक केला, त्याआधी रॉकेलच्या स्टोव्हवर. माहेरी आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब होता आणि त्यात गोवऱ्या जळत, हे खरं. पण गोवऱ्या घालायचं काम माझ्या भावाचं होतं. माझा संबंध फक्त गरम पाण्याशी. हे मी त्या वेळी बोलले नाही. तीन परक्या कुटुंबांसमोर नातीला खोटं पाडायला माझी जीभ वळेना.

मी पदर खोचला आणि कामाला लागले. एकसारख्या आकाराच्या शेणी निवडल्या. एकावर एक, कडेला कड जुळवून, चौकोनी रचल्या. वर मूठभर सुकं गवत ठेवलं, तेही काड्या एका दिशेने करून. दिसायला चूल फार सुरेख झाली. तिने भरपूर धूर दिला आणि ज्वाळा एकही दिली नाही. शेजारचं कुटुंब कँपिंगला सरावलेलं दिसत होतं. त्यांचं आडवंतिडवं कडबोळं एव्हाना पेटून किटलीच्या बुडाला लागलं होतं. आमच्या काड्या वाऱ्याने विझत होत्या.

थोरली माझ्याजवळ उकिडवी बसली आणि हळूच म्हणाली, "आजी, तू हे केलंयस ना आधी?"

"नाही गं. आमच्याकडे गॅस होता."

तिने शेजारच्या चुलीकडे पाहिलं, मग फळीकडे. ओठ घट्ट मिटले. मला वाटलं आता रडेल. पण ती म्हणाली, "ओके. मग आता काय?"

"आई, चूल आहे ती, कपाट नाही," मागून मुलगा म्हणाला. "हवा जायला वाट कुठे ठेवलीयेस?"

तेवढ्याने माझ्या डोळ्यांसमोर तो बंब आला. भाऊ गोवऱ्या मोडून, तुकडे उभे करून एकमेकांना टेकवायचा आणि आई त्याला पसारा केला म्हणून रागवायची. आम्ही दोघींनी माझा सुरेख चौकोन पाडला. थोरली शेणी मोडत होती, मी तुकडे उभे करत होते, आणि दोघींचे हात कोपरापर्यंत भुऱ्या धुळीने भरले. आता हवा होती, पण काडी काही टिकेना. तेव्हा सूनबाईंनी पर्स उघडली आणि कापराची डबी काढली. धाकटीला गाडी लागायची, म्हणून त्या कापूर रुमालात बांधून तिच्या नाकाशी धरत.

डबी पाहून रँचवाली बाई पुढे आली. नियम नियम असतो, ती म्हणाली. त्या गाड्यांत जे होतं तेच वापरायचं. शेजारच्या चुलीपाशी बसलेले दोन मुलगे लगेच खुशीत आले.

थोरली उभी राहिली. शेणाचे हात मागे घेऊन तिने एका दमात सांगितलं, की त्या लोकांच्या औषधांच्या पेट्यांत कापूर असायचा. कॉलऱ्यावर द्यायचे. कॉलरा त्याने बरा व्हायचा नाही, पण गाडीत कापूर असायचा.

 बाई हॅट मागे सारून हसली. म्हणाली, इतकी वर्षं लोक येतायत, पण कापूर कोणी काढला नव्हता. चालेल.

कापराच्या चार वड्या तुकड्यांच्या मध्ये ठेवल्या आणि काडी लावली. निळसर ज्योत वाऱ्याने आडवी झाली, पण विझली नाही. तुकड्यांच्या कडा लाल झाल्या. त्या उघड्या माळावर आपल्या देवघराचा वास पसरला. आणि धाकटी, जी इतका वेळ टोळ पकडत होती, ती धावत आली, तिने ज्योतीवरून दोन्ही तळहात फिरवले आणि तोंडावरून ओढले. झालं. सूनबाईंचे हात आपोआप पुढे झाले. माझे झाले. मुलगा, जो गणपतीतसुद्धा आरतीला उशिरा यायचा, त्यानेही वाकून हात फिरवले. शेजारच्या कुटुंबातला बाप हे लक्ष देऊन बघत होता. त्याला वाटलं हीसुद्धा त्या काळची रीत असणार. त्याने मुलांना बोलावलं आणि तिघांनी येऊन आमच्या चुलीवर गंभीरपणे हात फिरवून घेतले. ते आमच्याकडे असताना त्यांचं कडबोळं किटलीखाली ढासळलं.

त्यात आमचा काही हेतू नव्हता, हे मी इथे स्पष्ट करते.

मुलाने रस्त्यांच्या नकाशाने वारा घातला. सूनबाई घड्याळ बघू नका म्हणाल्या, म्हणून मी किटलीच्या झाकणाकडे बघत राहिले. शेजारच्यांनी घाईघाईने चूल सावरली होती आणि त्यांच्या किटलीतून वाफ यायला लागली होती. थोरली शेणाने भरलेली नखं तशीच कुरतडणार, इतक्यात मी तिचा हात तोंडापासून ओढला, आणि त्याच वेळी आमचं झाकण वाजलं.

गाडीवान त्या बाईचा नवरा होता, फारसा न बोलणारा. त्याने सांगितलं, की लगाम मुलीच्या हातात असले तरी मागच्या बाजूने त्याचाही हात त्यांच्यावर कायम असेल, काळजी नको. मुलीबरोबर घरातलं एक मोठं माणूस फळीवर बसू शकतं. थोरलीने बाबाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "चल." साडी नेसून त्या चाकावर चढणं सोपं नाही. मुलाने खालून ढकललं आणि मी एकदाची वर आले.

गाडी निघाली. बाकीचे सगळे मागे, छपराखाली. गवत घोड्यांच्या पोटाला लागत होतं. थोड्या वेळाने उजव्या हाताला त्या चाकोऱ्या दिसल्या. जमिनीत रुंद, सखल पन्हळ पडल्यासारख्या, त्यांच्यात गवत जरा जास्त हिरवं, आणि ती हिरवी रेघ चढ चढून पलीकडे नाहीशी झालेली. त्यांत कोणी गाडी घालत नाही. आम्ही कडेकडेने गेलो.

रँचवाली मागून सांगत होती, की इथे एके काळी बायसनचे कळप चालले तर दिवसभर संपत नसत. थोरलीने मान न वळवता विचारलं, "आणि जे लोक इथे आधीपासून राहत होते? त्यांना कोणी विचारलं?"

बाईने उत्तर सजवलं नाही. नाही, म्हणाली. लकोटा होते, शायान होते, इथल्या मूळ लोकांच्या जमाती. आधी वाट दिली, मग करार झाले, मग ते मोडले. बायसनही मारून टाकले. मी गोऱ्या साहेबाने लिहिलेला इतिहास शिकून मोठी झालेली. असा प्रश्न माझ्या वर्गात कोणी विचारला नव्हता, मीही नाही. थोरलीने लगाम सैल सोडले नाहीत. घोडे चढ चढत होते, खांदे एका लयीत हलत होते, आणि तिची नजर त्यांच्या कानांमधून सरळ पुढे होती.

आता ते सांगते, जे तुला त्या दिवशी सांगितलं नाही, थोरले. चढ संपला, समोर सपाट माळ उघडला आणि गाडीवानाने माझ्याकडे बघून एक बोट ओठांवर ठेवलं. मग त्याने हात लगामांवरून काढून घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला. पार त्या दूरच्या कुंपणाच्या फाटकापर्यंत तो तसाच होता. मी दोन्ही हातांनी फळी धरून बसले होते आणि श्वाससुद्धा जपून घेत होते. मागे तुझा बाबा धाकटीला काहीतरी दाखवत होता, त्याला पत्ता नव्हता. फाटकापाशी तू डावा लगाम ओढलास, घोडे वळले, आणि तू मला म्हणालीस, की बघ आजी, गाडीवान आजोबांनी गाडी किती छान वळवली.

आजोबांनी नाही. गाडी तूच वळवली होतीस.