नारिंगी गाडीचा ताप

माझी आत्या रेडिएटर दुरुस्त करते, आज चाळीस वर्षं झाली. बसस्टँडमागच्या गल्लीत तिचं दुकान आहे. पुढे लोखंडी टेबल, मागे सिमेंटचा हौद, भिंतीवर खिळ्यांना लटकवलेले रबरी पाइप. गळका रेडिएटर हौदात बुडवायचा, त्यात हवा भरायची, जिथून बुडबुडे येतील तिथे खूण करायची आणि कथलाचा डाग द्यायचा. "मी डाग लावते, पण कुणाच्या नावाला नाही," असं ती प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगते आणि आपणच आधी हसते.

दुकान मुळात आतोबांचं. लग्नानंतर दहाएक वर्षांत त्यांची नजर अधू झाली आणि बारीक काम हिच्या हातात आलं. गिऱ्हाईक यायचं आणि हिला ओलांडून आत बघत विचारायचं, मिस्त्री कुठेत? आतोबा आतून म्हणायचे, "तुमच्यासमोर उभ्या आहेत." ते गेल्यावर असं सांगणारं कुणी राहिलं नाही. आत्या मग उत्तर द्यायच्या भानगडीतच पडायची नाही. समोरच्याच्या हातातला रेडिएटर काढून घ्यायची आणि सरळ हौदात सोडायची. हळूहळू लोकांचं विचारणं बंद झालं.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडावर एक दंतवैद्य तिच्याकडे आले. वडिलांच्या वेळची नारिंगी गाडी घेऊन. लांबलचक नाक, आठ सिलिंडर, आणि बॉनेट कापून वर आलेला सुपरचार्जर. म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर बसलेला पंपच तो. बाहेरची हवा दाबून आत कोंबतो. त्यामुळे गाडीचं बळ दीडपट होतं, पण उष्णताही त्याच हिशेबात वाढते. गाडी सुरू झाली की समोरच्या चहावाल्याच्या कपबशा आपोआप वाजायला लागत.

दुखणं असं होतं, की शहरात दर उन्हाळ्यात जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते आणि ही गाडी दरवर्षी अर्ध्या वाटेत उकळते. गेल्या खेपेला दंतवैद्यांच्या ऐंशीच्या घरातल्या आई गाडीत होत्या. बॉनेटमधून वाफ उसळली आणि त्या बिचाऱ्या दोन तास फुटपाथवर छत्री धरून बसल्या. या खेपेला त्यांनी मुलाला बजावलं होतं, की मी येईन, पण त्या किटलीत बसणार नाही.

मोठ्या वर्कशॉपमधल्या इंजिनियरने नवा ॲल्युमिनियमचा रेडिएटर बसवला होता. तरी तापली, म्हणून त्याला विजेचे दोन पंखे जोडले. तरीही तापली. तो इंजिनियरही सोबत आला होता आणि हाताची घडी घालून उभा होता. दंतवैद्य म्हणाले, "आत्या, आणखी मोठा रेडिएटर बनवून द्या. लागेल तेवढा मोठा."

आत्याने गाडीकडे पाहिलंही नाही. तिने विचारलं, उभी असताना तापते, की पळताना?

"दोन्ही वेळा."

"मग आजार दोन असतील. डॉक्टर, तुम्ही तोंड न उघडताच दात उपटता का?"

इंजिनियरला हसू आलं. ते त्याने गिळलं.

आत्याने गाडी चालू करायला लावली, पंखे फिरू दिले आणि वर्तमानपत्राचा कागद रेडिएटरसमोर धरला. पंख्यांच्या समोर कागद जाळीला चिकटून बसला. कोपऱ्यांकडे सरकवला तर घसरून खाली पडला. बाजूच्या फटीपाशी नेला तेव्हा तो उलटा तिच्याच तोंडावर आला. तिने इंजिनियरचा हात धरून त्या फटीपुढे ठेवला. इंजिनातली गरम हवा तिथून पुढे येत होती आणि पुन्हा रेडिएटरमध्ये शिरत होती. गाडी आपलाच उच्छ्वास परत आत घेत होती.

मग तिने दंतवैद्यांना ॲक्सिलरेटर दाबायला सांगितलं आणि रेडिएटरच्या खालच्या पाइपकडे बोट दाखवलं. वेग चढला तसा तो जाड पाइप हळूहळू चपटा झाला. इंजिनाचा पाण्याचा पंप त्यातून पाणी ओढत होता आणि मऊ पडलेला पाइप जागीच मिटत होता. पाइपच्या आत असते ती तारेची स्प्रिंग कधीतरी काढून टाकली गेली होती.

"रेडिएटर चांगलाय," ती म्हणाली. "मुळीच बदलू नका."

त्या वेळी मी दुकानात होते. चार दिवसांचं मोठं काम तिने एका वाक्यात घालवलं, आणि चेहऱ्यावर काही नाही. मला तिचा भारी अभिमान वाटला.

आत्याने पुठ्ठ्याचे नमुने कापले ते घरच्या जेवणाच्या टेबलावर. दोन दिवस आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. त्या मापाने तिने पत्र्याचं खोलगट आवरण ठोकून काढलं. रेडिएटरची अख्खी पाठ झाकली जाईल आणि दोन्ही पंखे त्यात नेमके बसतील असं, म्हणजे हवा कोपऱ्याकोपऱ्यातूनही ओढली जावी. बाजूच्या फटी फोमच्या पट्ट्यांनी बुजवल्या. खाली नवा पाइप घातला, आत स्प्रिंगसकट. शेवटी इंजिनियरला म्हणाली, "इंजिनातली ठिणगी वेळेवर पडते का, ते तू बघ. तो तुझा प्रांत. मला त्यातलं कळत नाही." त्याने तपासलं. ठिणगी उशिरा पडत होती, आणि तेही उष्णता वाढण्याचं एक कारण होतं. ती त्यानेच तशी लावली होती. हे त्याने आम्हा सगळ्यांसमोर कबूल केलं, आणि त्या दिवसापासून तो मला आवडायला लागला.

मिरवणुकीच्या दिवशी दंतवैद्यांच्या आईंनी अट घातली, की जिने गाडी दुरुस्त केली ती पुढे बसेल, तरच मी मागे बसेन. आत्या कामाच्याच कपड्यांत आली होती, ती तशीच बसली. आईंना सोबत म्हणून मी मागे.

दुपारचे दोन. डांबर मऊ झालं होतं. मोठ्या चौकात सगळं अडकलं ते पंचवीस मिनिटं. पुढच्या निळ्या गाडीचं बॉनेट उघडलं, मग त्यापुढच्या पांढरीचं. दंतवैद्य तापमानाच्या काट्यावरून नजर हलवत नव्हते. काटा अर्ध्याच्या थोडा वर जाऊन थांबला होता. आत्याने काट्याकडे एकदाही पाहिलं नाही. डोळे मिटून ती पंख्यांचा आवाज ऐकत होती.

"बंद करू का थोडा वेळ?" दंतवैद्यांनी विचारलं.

"कशाला? चालू द्या. श्वास नीट चाललाय तिचा."

वाट मोकळी झाली आणि नारिंगी गाडी उभ्या गाड्यांच्या शेजारून पुढे निघाली. आईंनी मिटलेली छत्री माझ्याकडे दिली आणि खिडकीबाहेर हात काढून राणीसारखा हलवला. शेवटच्या मैदानात पोचलो तेव्हा निवेदकाने माइकवर दंतवैद्यांचं अभिनंदन केलं. त्यांनी माइक मागून घेतला. म्हणाले, गाडी माझी, पण ती इथवर आणली या मिस्त्रींनी. आणि आत्याचा हात धरून तिला उभं केलं. टाळ्या वाजल्या. आत्याने पदराने कपाळ पुसलं. एवढ्या लोकांसमोर काय करायचं ते तिला सुचेना, म्हणून ती वळून बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली.

निळ्या गाडीचा मालक घाम पुसत आला आणि रेडिएटर केवढा मोठा बसवलाय, म्हणून विचारू लागला. आत्याने त्यालाही पहिला प्रश्न तोच केला: उभी असताना तापते, की पळताना? शेजारी इंजिनियर वही काढून उत्तर लिहून घ्यायला सज्ज होता.