ध्रुवावरून येणारा आवाज

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी चिटगुप्प्याच्या शाळेत शिकवत होतो, आणि थापा मारण्यात गावात माझा हात धरणारा कोणी नव्हता. हैदराबादच्या कॉलेजातल्या माझ्या जुन्या प्रोफेसरांनी बॅटरीवरचा एक रेडिओ माझ्याकडे ठेवला होता. काम एवढंच: रोज सकाळी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं एक स्टेशन लावायचं आणि आवाज किती थरथरतो ते वहीत लिहायचं. त्या स्टेशनच्या लहरी उत्तर ध्रुवावरून आमच्याकडे येत. तिथं फार उंचावर, सूर्यामुळे खळबळ माजली की बोलणाऱ्याचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा कापायचा. त्यावरून प्रोफेसर तिथल्या आकाशाची तब्येत ओळखत.

हे सरळ सांगण्यात मजा काय? मी पारावर गंभीर चेहऱ्यानं सांगून टाकलं की, रेडिओत ही लढाईत मेलेली माणसं बोलतात.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्लीतली एक अक्का दारात हजर. तिचा नवरा फौजेत मोटार हाकायला गेलेला. दोन वर्षं पत्र नव्हतं. दीर म्हणत होता, आता कुंकू पूस. ती रोज येऊन रेडिओसमोर बसायची आणि घरी जाऊन दिराला सांगायची की, मेलेल्यांत ते न्हाईत. मग दीर कुंकवाचं नाव काढत नसे.

महिन्याभरात मला ते सोसेना. लहरी, ध्रुव, माझी थाप, सगळं मी तिच्यापुढे कबूल केलं.

ती हसली. "पहिल्याच दिवशी कळलं व्हतं, मास्तर. आमच्या गावाकडची मेलेली माणसं काय विंग्रजी बोलत्यात? दिराला तेवढं सांगू नका."

आणि ती येत राहिली.

मग एका सकाळी आवाज कधी नव्हे इतका कापू लागला. शब्द फुटेनात, नुसता हुंदक्यासारखा सूर. मी भराभर वहीत लिहीत होतो. अक्का उठली, रेडिओच्या जाळीवर तळहात ठेवून उभी राहिली.

"बंद करा," ती म्हणाली. "ह्ये विंग्रजी न्हाई."

मी बंद केला. काय झालं म्हणून विचारलं. ती निघून गेली आणि पुन्हा आली नाही.

त्याच दुपारी दीर शाळेत आला. "वहिनीनं आज काय ऐकलं, मास्तर? कामून बोलंना झालीय?"

"काही नाही. तुझा भाऊ त्यांत नाही," मी म्हणालो.

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. आणि मला, जन्मभर सोंगं काढलेल्या माणसाला, चेहरा कसा ठेवावा ते कळेना.