आधी बंद, मग तार

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी त्या पोस्टवर चढलो. साडेनऊ हजार फूट उंची, ईशान्येकडची एक लांबट धार, तीन बाजूंना दरी. पोस्टचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. मी तेव्हा नायक होतो, इन्फन्ट्री बटालियनच्या सिग्नल प्लाटूनमधला. गाव खटाव तालुक्यातलं. दोन कोर्स केलेले, दोन्हीत चांगली ग्रेड, त्यामुळे डोक्यात थोडी हवा होती. हे आधीच कबूल करतो, कारण पुढे जे घडलं त्यात त्या हवेचा वाटा आहे.

रुटीन ठरलेलं होतं. पहाटे साडेचारला स्टँड-टू, म्हणजे हत्यारासह सज्ज. सहाला चहा. सातला रेडिओ चेक. दिवसाआड पेट्रोल, म्हणजे गस्त. संध्याकाळी पाचला मंदिरात आरती. मंदिर म्हणजे पत्र्याचा एक बंकर. त्यात देवाशेजारी एक जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर होता, वजनाला दोन जणांनी उचलावा असा. चालू केला की अर्धं मिनिट गप्प बसायचा, मग काचेच्या व्हॉल्व्हमध्ये तांबूस उजेड यायचा आणि त्यानंतर बोलायचा. मागे स्पीकर जोडायला स्क्रू होते आणि त्यांच्या खाली आकडे: ४, ८, १६.

निवृत्तीनंतर मी कामोठ्याला राहतो आणि हौस म्हणून असे अ‍ॅम्प दुरुस्त करतो. नेरुळ-वाशीची आयटीतली पोरं ते घेऊन येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "अंकल, चारला लावू की आठला?" त्यांना जे सांगतो तेच इथं सांगतो. स्पीकरवर त्याचा आकडा लिहिलेला असतो, तो आकडा आणि अ‍ॅम्पच्या मागचा टॅप, म्हणजे तो आकड्याचा स्क्रू, जुळायला हवा. बारा नंबरच्या नटाला सोळाचा पाना लावला तर हात फिरतो, नट फिरत नाही. तसंच हे आहे. हे मला कोर्समध्ये कोणी शिकवलं नाही. लान्स नायक जनार्दन म्हात्रेनं शिकवलं.

जना उरण तालुक्यातल्या जासईचा. कंपनीत एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, चालवायचा. सिग्नलशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण त्याचा बाप गावोगावी लाउडस्पीकर लावायचा. हळद, साखरपुडा, देवीचा उत्सव, कुठंही. जना शाळेत कमी आणि मांडवात जास्त वाढला होता. मला 'उस्ताद' म्हणायचा आणि म्हणताना असा हसायचा की मान मिळाला की चेष्टा झाली ते कळू नये. मला तो फार आवडायचा. हे त्याला मी कधी सांगितलं नाही.

मंदिरापासून दीडशे मीटरवर, धारेच्या टोकाला आमची ओपी होती, म्हणजे टेहळणीची चौकी. तिथल्या जवानांनाही आरती ऐकू यावी म्हणून मी तिथं एक हॉर्न, म्हणजे भोंगा, लावला. तार वापरली फील्ड टेलिफोनची केबल. सिग्नलवाल्याचा या केबलवर भारी जीव. आम्ही तिच्यावर कपडे वाळत घालतो, बिस्तरा बांधतो, तंबू ताणतो. तिच्यावर टेलिफोन मैलभर बोलतो, मग हॉर्न का नाही बोलणार? अ‍ॅम्पच्या टोकाला मीटर लावून मोजलं. सोळा ओहम. सोळाच्या टॅपला जोडलं. इतकं नेमकं जुळलं म्हणून स्वतःवर खूश झालो.

हॉर्न बोलायचा, पण आजारी माणसासारखा. जना दोन महिने रोज बोलायचा.

"उस्ताद, देव पन कान लावून बसला असल."

"मीटर सोळा दाखवतोय."

"हॉर्नवर आठ लिवलंय."

"छापलेलं चुकू शकतं. मीटर चुकत नाही."

तो खांदे उडवायचा आणि एलएमजी साफ करायला निघून जायचा.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी सहाला नायब सुभेदार शेलार साहेबांचं पेट्रोल निघालं, सात जण. दुपारी दोनपर्यंत परत यायचं होतं. बाराला धुकं उतरलं. पुढे केलेला हात दिसेना. एक पन्नासला सेटवर शेलार साहेब आले.

"कंट्रोल, अल्फा. फॉग में हैं। एक जवान का पैर मुड़ा है। बॅटरी डाउन। ओव्हर."

"अल्फा, कंट्रोल. अपनी जगह बताओ. ओव्हर."

खरखर. पुन्हा बोलावलं. पुन्हा खरखर. नंतर तीही नाही.

खाली धारेला दोन फाटे होते. डावा पोस्टवर यायचा. उजवा शंभर पावलं सरळ चालायचा आणि मग संपायचा. तिथून खाली नाल्यापर्यंत धरायला झुडूपसुद्धा नव्हतं. साडेचारला अंधार पडणार होता. लंगडणारा माणूस, पातळ जॅकेटं आणि रात्रीची थंडी. थांबले तर गोठणार, चालले तर पडणार.

कंपनी कमांडर मेजर साहेब बंकरमध्ये आले. मी विचारलं, फायर करून आवाज द्यायचा का? ते म्हणाले, "गोली सुनके वो लेट जाएँगे, पोझिशन ले लेंगे। मंदिर वाला लाउडस्पीकर लगाओ। लेकिन पोझिशन नहीं, दिशा नहीं, कुछ नहीं बोलना। सिर्फ आवाज।"

दोन वाजून दहा मिनिटं. मंदिरात पडून असलेला तसलाच दुसरा हॉर्न काढून ओपीवर पाठवला आणि तिथल्या हॉर्नलाच जोडायला लावला. एकाचे दोन झाले म्हणजे आवाज दुप्पट, असा माझा हिशेब. अ‍ॅम्प पूर्ण चढवला. ओपीवरून फोन आला, "आवाज और कम हो गया।" मीटर लावला. तेरा. सोळाच्या जवळच. टॅप बरोबर होता, जोडणी बरोबर होती, सगळं बरोबर होतं आणि हॉर्न पुटपुटत होता. मी सांधे सोलले, पुन्हा पिळले, पुन्हा मोजलं. यात वीस मिनिटं गेली. ती वीस मिनिटं माझी आहेत. आजही कधी सकाळी दाढी करताना आठवतात आणि हात थांबतो.

जना दारात येऊन उभा राहिला. कोणी बोलावलं नव्हतं.

"उस्ताद, तार खातेय आवाज."

"काय?"

"तुमच्या मीटरला हॉर्न कुटला नि तार कुटली ते कलत नाय. दोगांचं एकत्र मोजतोय. या बारीक तारंतच अर्दा आवाज मरतो. दोन हॉर्न लावले तर आनखी मरतो. तार लांब नको. अ‍ॅम्प उचला नि हॉर्नजवल न्या."

"तिथं लाइट कुठाय?"

"सर्चलाइटची जाड केबल हाय ना ओपीवर. जनरेटरची."

होती. तीन महिने माझ्या डोळ्यांसमोर होती.

मी झटकन हात घातला आणि स्पीकरची तार ओढणार, तेवढ्यात त्यानं माझं मनगट धरलं. आवाज पूर्ण चढवलेला, अ‍ॅम्प चालू.

"आदी बंद. मग तार. हॉर्न काडून आवाज चालू ठेवला तर आतला ट्रान्सफॉर्मर जलतो. मी बापाचा एक घालवलाय. लई मार खाल्ला."

आधी बंद केला. मग तार काढली. दोघांनी अ‍ॅम्प उचलला आणि दीडशे मीटर पळत, ठेचकाळत ओपीवर नेला. पावणेतीन. दोन्ही हॉर्न शेजारी शेजारी, तोंडं खाली फाट्याकडे. तार हातभर, जाड. माझा हात सवयीनं सोळाकडे गेला आणि दुसरा खिशात, मीटरकडे.

"मीटर ठेवा, उस्ताद. हॉर्नवर काय लिवलंय ते वाचा."

"आठ."

"दोन आठ आजूबाजूला जोडले की?"

"चार."

"मग?"

चारच्या स्क्रूला तार आवळली. चालू केला. अर्धं मिनिट व्हॉल्व्ह तापायची वाट पाहिली. माझ्या नोकरीतलं ते सगळ्यात लांब अर्धं मिनिट. मग जनानं माइकवर फुंकर मारली आणि मी स्वतः दचकलो. धुक्यात दरीच्या पलीकडून ती फुंकर परत आली.

आता बोलायचं काय? पोझिशन नाही, दिशा नाही. मी मेजर साहेबांकडे बघत होतो. जनानं कोणाकडेच बघितलं नाही. त्याच्या गावाकडे हळदीच्या मांडवात पंगत बसायच्या वेळी लाउडस्पीकरवाला एकेका घराचं नाव घेऊन बोलावतो. बाप तेच करायचा. जनानंही तेच केलं.

"शेलार साहेब, या. जेवान गरम हाय. यादव, या. जेवान गरम हाय. कदम, या. जेवान गरम हाय."

सातही नावं. मग एक मिनिट शांतता, कान देऊन. मग पुन्हा सात नावं. आवाजात घाई नव्हती. गावातल्या पंगतीला उशीर करणाऱ्यांना जेवढं दटावतात तेवढं दटावणं होतं. पंधराव्या की सोळाव्या फेरीला घसा बसला. मी माइक मागितला, त्यानं दिला नाही. म्हणाला, "आवाज बदलला तर ते इचारात पडतील."

चार वाजून पाच मिनिटांनी खालून शिटी ऐकू आली. डाव्या फाट्यावरून. जनानं बोलावणं चालूच ठेवलं. चार वीसला शेलार साहेब धुक्यातून वर आले, पाठीवर कदम. मागे पाच. मी मोजले. पुन्हा मोजले. सात.

शेलार साहेबांनी कदमला खाली ठेवलं, मेजर साहेबांना सॅल्यूट केला, रिपोर्ट दिला. उजव्या फाट्यावर पन्नास-एक पावलं गेले होते, तेव्हा पाठीमागून जेवायला बोलावणं आलं. मग ते जनाकडे वळले.

"म्हात्रे, जेवण काय आहे?"

"डाल, साहेब. नि थंड हाय."

हसण्याचा असा आवाज मी त्या पोस्टवर त्याआधी ऐकला नव्हता. मी ओपीच्या मागे गेलो आणि थोडा रडलो. आता सांगायला हरकत नाही.

पाच महिन्यांनी आम्ही दुसऱ्या सेक्टरमध्ये होतो. कॉर्डन लागलं होतं, म्हणजे वेढा. मी सेटवर होतो, कानाला हेडफोन. सकाळी नऊ चाळीसला मेसेज आला, एक फेटल, म्हणजे एक जवान गेला, आणि त्यानंतर त्याचा आर्मी नंबर. नंबर मला पाठ होता. मेसेज लिहून घेतला, परत वाचून दाखवला, "रॉजर" म्हटलं. ड्यूटी बारापर्यंत होती. ती पूर्ण केली.

त्याला घेऊन जासईला मी गेलो. दारात एक जळका काळा ट्रान्सफॉर्मर पडला होता, दार उघडं राहावं म्हणून टेकवलेला. मी त्याच्याकडे बघत राहिलो. जनाची आई म्हणाली, "त्यानंच जाललाय. आठ वर्सांचा व्हता." फेकायचं तिनं कधी मनावर घेतलं नव्हतं. तिच्याजवळ बसून मी धुक्याची सगळी गोष्ट सांगितली. माझ्या वीस मिनिटांसकट. तिनं दोनदा सांगायला लावली.

तेव्हापासून दरवर्षी, तो गेला त्या दिवशी मी जासईला जातो. आधी सुटी काढून गावाहून यायचो, आता कामोठ्याहून जवळ पडतं. घरापुढच्या रस्त्यावर दिवसभर कंटेनरचे ट्रेलर धडधडतात. बापाचा अ‍ॅम्प आहे, व्हॉल्व्हचाच, चार-आठ-सोळावाला. दोन हॉर्न मी ओसरीवर बांधतो आणि चारला जोडतो. एका वर्षी सवयीनं मीटर काढला तर आई म्हणाली, "ठेव तो. वाच काय लिवलंय ते." कोणाकडून शिकली ते विचारलं नाही.

ते सातही जण यायचे. दोन वर्षांपूर्वी शेलार साहेब गेले. कदम येतो, काठी टेकत. यादव येतो. जे येतात ते अंगणात बसतात, आणि पानं वाढून झाली की आई माइक हातात घेते. वय झालंय, हात हलतो, आवाज हलत नाही.

"शेलार साहेब, या. जेवान गरम हाय."

गेलेल्यालाही ती बोलावते. मग यादव, मग कदम. समोर बसलेला असला तरी नाव घेते आणि तो तिथूनच "आलो, आई" म्हणतो. सात नावं होतात. मग ती थांबते.

"जना, ये. जेवान गरम हाय."

त्यानंतर कोणी पानाला हात लावत नाही. रस्त्यावरून एखादा ट्रेलर जातो. पहिल्या वर्षी मी लगेच स्विचकडे हात नेला होता, तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. त्याच जागी, जिथं त्यानं धरलं होतं.

"लगेच बंद नको करू रं. जरा ऱ्हाऊ दे."

म्हणून मी थांबतो. व्हॉल्व्ह तांबूस जळत राहतात, हॉर्नमधून बारीक सूं ऐकू येतो. एक मिनिट, कान देऊन. मग ती मान हलवते, आणि मी आधी बंद करतो, मग तार काढतो.