चहाची पडवी

त्या काळी कर्जतला चहा पिणारी घरं थोडीच होती. आमचे हे स्टेशनात कामाला, म्हणून आमच्याकडे तो रोज व्हायचा. एकदा खालापूरच्या कुणा बाईने घरी मिसळलेल्या चहाची पुडी यांनी आणली आणि पहिल्याच घोटाला म्हणाले, "चहा असावा तर असा!" मग इतकी वर्षं मी काय उकळत होते? माझा नुसता जळफळाट झाला. पुढच्या बाजाराला मी तिचं घर शोधत गेले.

तिने पडवीची एक बाजू कुडाने बंद करून घेतली होती. आत फळीवर पत्र्याचे डबे, एक चाळणी, पांढरं फडकं. आसामच्या नि निलगिरीच्या चहाची चिमूट तळहातावर एकत्र करून ती हुंगायची, डोळे मिटायची आणि पुन्हा थोडी भर घालायची. दिसायला साधीच होती. तेवढंच मला बरं वाटलं.

इतक्यात तिची सासू कांद्याची टोपली घेऊन आली आणि दारातच थांबली. "हितं ठेवू का गं?"

"नाय आत्याबाई, हितं माजा चहा हाय," ती हळूच म्हणाली. सासू निमूट वळली.

यांनी केलेली स्तुती मी विसरूनच गेले. माझ्या घरात मी 'नाय' म्हणावं अशी वीतभरही जागा नव्हती.

घरी येऊन मी पडवीतला कोनाडा रिकामा केला. सासूबाईंनी विचारलं, "काय ठेवनार हायेस त्यात?"

"अजून ठरलं नाय," मी म्हणाले. "पन दुसऱ्या कुनी काय ठेवायचं नाय."