रिकाम्या पट्ट्यावरच्या हाका

“आधी हात खिशात घाल.”

बंद पडलेल्या यंत्रासमोर उभं राहिलं की मॅडमचं पहिलं वाक्य हेच असायचं. आम्ही नवे इंजिनियर कीबोर्डवर तुटून पडायला अधीर. मॅडमच्या साडीला खिसा नव्हता, म्हणून त्या स्वतः हाताची घडी घालायच्या आणि सोयरीक जुळवायला आलेल्या आत्याबाईसारख्या यंत्राकडे बघत राहायच्या. तुमच्याही कामाच्या ठिकाणी असं एखादं माणूस असेल. नसेल, तर तुमचं नशीब थोडं कमी आहे, असं मी म्हणेन.

आमची कंपनी अकोल्यातली, छोटी. डाळ मिलमधले काळे, डागी दाणे हवेच्या फुंकरीनं उडवून लावणारी यंत्रं आम्ही बनवायचो. मॅडम तिथल्या सगळ्यात जुन्या इंजिनियर. एकदा पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी भर बैठकीत त्यांना काहीतरी विचारलं. मॅडम म्हणाल्या, “हे मले नाही माहीत. उद्या सांगते.” मला वाटलं, गेली बाईंची नोकरी! दुसऱ्या दिवशी त्या चार पानं लिहून घेऊन आल्या आणि पाहुण्यांनाच शिकवत बसल्या.

मला ‘माहीत नाही’ म्हणता येत नसे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. गावच्या शाळेत गुरुजींनी “समजलं का?” विचारलं की सगळा वर्ग एका सुरात “हो गुर्जी” म्हणायचा. समजलं नसलं तर अजून जोरात.

मी नोकरीत पक्का व्हायचा होतो, तेव्हाची गोष्ट. मूर्तिजापूरच्या एका डाळ मिलमध्ये आमचं यंत्र मध्येच बंद पडू लागलं. यंत्राच्या पोटात एक छोटा संगणक असतो. दाणा दिसला की सेन्सरचं कार्ड त्याला हाक मारतं: हातातलं काम ठेव, माझ्याकडे बघ. या हाकेला आम्ही इंटरप्ट म्हणतो. हाक आल्यावर काय करायचं, ते ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. तो ड्रायव्हर माझा होता. अकोल्यात यंत्र मस्त चालायचं, मिलमध्ये गेलं की रुसायचं. आठ दिवस मी खटपट केली. शेवटी साहेब म्हणाले, “शनिवारपर्यंत चाललं नाही, तर यंत्र परत येईल. आणि तुझाही विचार करावा लागेल.” घरी मी हे सांगितलं नाही. अण्णा गावभर “पोरगा इंजिनियर हाये” सांगत फिरत होते.

शनिवारी मॅडम माझ्यासोबत आल्या. मिलवाले शेठजी दारातच म्हणाले, “मॅडम, तुमची मशीन वापस घेऊन जा. यापेक्षा आमच्या बाया बऱ्या निवडतात.”

“बायाइले चहा तर पाजता ना तुमी? मग आमालेही पाजा, मग बोलू,” मॅडम म्हणाल्या. शेठजी हसले. अर्धं काम तिथंच झालं.

जेवणाची सुट्टी झाली. दाणे वाहून नेणारा पट्टा थांबला, हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद झाला, सगळे डबे घेऊन बाहेर गेले. मीही निघालो.

“कुठं चालला? हात खिशात घाल अन् इथं उभा राय.” मॅडमनी आलेल्या हाका मोजणारा आकडा पडद्यावर लावून ठेवला होता. पाच मिनिटं तो जागचा हलला नाही. मग यंत्रातली हवा हळूहळू उतरली, आणि आकडा एकदम धावत सुटला. हजार, दहा हजार, लाख.

“पट्टा बंद. एक दाना नाही,” मॅडम हळूच म्हणाल्या. “मंग हाका कोन मारून राहिलं, लेका?”

तेव्हा मला आठवलं. सेन्सरच्या हाका ज्या तारेवरून यायच्या, त्याच तारेवर आणखी एक कार्ड होतं, हवेचा दाब कमी झाला की ओरडणारं. त्याचा ड्रायव्हर बसवायचा राहून गेला होता. हाक आपली नसेल तर ड्रायव्हरनं ‘माझी नाही’ असं उत्तर द्यायचं असतं. कोणीच हाक घेतली नाही, तर संगणक स्वतः तक्रार नोंदवतो आणि ती तार बंद करतो. पण मी प्रत्येक हाकेला ‘हो, माझीच, झालं काम’ असं लिहून ठेवलं होतं. त्यामुळे दाबाचं कार्ड ओरडत राहायचं, माझा ड्रायव्हर ‘हो गुर्जी’ म्हणत राहायचा, आणि बिचारा संगणक त्या दोघांत अडकून पडायचा. अकोल्यात आमच्याकडे हवा कधी कमी पडायची नाही, म्हणून तिथं हे दिसलंच नव्हतं.

“‘माझी नाही’ लिहायले काय लाजला का बे?” मॅडम एवढंच म्हणाल्या.

मी ते लिहिलं, दाबाच्या कार्डाचा ड्रायव्हरही बसवला, आणि तीन वाजता यंत्र सुरू झालं. मॅडमनी मुद्दाम दोनदा हवा उतरवली, तरी ते थांबलं नाही. शेठजींनी चहा परत मागवला.

त्या महिन्याच्या शेवटी मला नोकरीत पक्कं केल्याचं पत्र मिळालं. अण्णांनी ते लॅमिनेट करून आणलं. मॅडम पुढच्या वर्षी निवृत्त झाल्या आणि बहिणीजवळ अमरावतीला राहायला गेल्या. आता नवी यंत्रं बसवायला मी एकटाच जातो. मूर्तिजापूर स्टेशन आलं की त्या शनिवारची संध्याकाळ आठवते.

आम्ही फलाटावर गाडीची वाट बघत होतो. साहेबांना अहवाल पाठवायचा होता. मी लिहिलं, ‘ड्रायव्हरमध्ये चूक आढळली.’

मॅडमनी वाचलं. “आढळली? रस्त्यात पडली होती का?”

मी ते खोडलं. त्याजागी लिहिलं, ‘ड्रायव्हरमधली चूक माझी आहे.’ मॅडमनी लॅपटॉप ओढून घेतला आणि खाली दोन ओळी टाकल्या: ‘हा ड्रायव्हर मी वाचून मंजूर केला होता. चूक मलाही दिसली नाही.’ खाली स्वतःचं नाव.

“मॅडम, तुमचं नाव काहून?”

“काहून म्हंजे? वाचला होता ना मी?”

अहवाल पाठवून त्या नळावर तोंड धुवायला गेल्या. दिवसभर मिलमधली भुकटी अंगावर बसली होती. परत आल्या तेव्हा चेहरा स्वच्छ होता, पण दोन्ही भुवया हळदीसारख्या पिवळ्या राहिल्या होत्या. मी सांगणार होतो, तेवढ्यात गाडी आली, आणि मॅडम तशाच पिवळ्या भुवयांनी खिडकीजवळची जागा धरायला पुढे धावल्या.