विलासचे पैसे परत गेले

मागच्या महिन्यात एका मंगळवारी पुन्हा ऑफिसला दांडी मारून साताऱ्याहून सांगलीला बँकेत गेलो. या कामासाठीची ही कितवी खेप, ते मोजायचं मी आता सोडून दिलंय...

आम्ही काही मित्र आष्ट्यात दर रविवारी मोफत फिजिओथेरपी केंद्र चालवतो. स्वतःच्या पायावर उभं राहता न येणारी मुलं तिथे येतात. त्यांना आधार देऊन उभं करणाऱ्या लोखंडी फ्रेम बनवून घ्यायच्या होत्या, म्हणून क्राउडफंडिंगची पोस्ट टाकली होती. तुमच्यापैकी अनेकांनी ती शेअर केलीत.

सगळ्यात मोठी मदत विलासने पाठवली. विलास म्हणजे माझा शाळेतला एकाच बाकावरचा दोस्त. अमेरिकेत मशिनरी डिझाइन करतो. पैसे आले आणि बँकेने तिथेच थांबवले.

आधी पत्र, मग संस्थेचा ठराव, मग पुन्हा पत्र... त्या मंगळवारी बँकेतल्या मॅडमनी एवढंच विचारलं, "त्यांचा पासपोर्ट कुठला?"

अमेरिकेचा, म्हटलं.

"मग ही परदेशी देणगी झाली. त्याला दिल्लीची परवानगी लागते, आणि त्यासाठी संस्था निदान तीन वर्षं जुनी हवी, तुमची तेवढी नाही. पैसे परत जाणार."

त्याही दमलेल्या दिसत होत्या. नियम काही त्यांनी केलेला नव्हता. चिडायचं तरी कोणावर...

संध्याकाळी विलासला फोन लावला. तिकडे सकाळ. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजी मी परका झालो व्हय रं?"

"तू न्हाईस गड्या, तुजं पैसं," मी म्हटलं. तो हसला नाही. फोन ठेवला.

दोन दिवसांनी त्याचाच मेसेज. 'फ्रेमचं ड्रॉइंग पाठव.'

जमलेल्या पैशात एकच फ्रेम होणार होती. विलासने त्यात बदल करून दिले... उंची, पट्टे, पाय ठेवायची फळी, सगळं वरखाली, मागेपुढे करता येईल असे. म्हणजे लहानमोठी सगळी मुलं त्याच फ्रेममध्ये आळीपाळीने उभी राहू शकतील. कुपवाडला शब्बीरभाईंच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग चालू असताना तो व्हिडिओ कॉलवर होता. "आवं शब्बीरभाई, त्यो पट्टा जरा खाली घ्या की!" शब्बीरभाई मला म्हणाले, "अमेरिकेचं सायेब म्हनला हुतासा. ह्ये तर आपल्यातलंच हाय की."

परवाच्या रविवारी केंद्रात येणारी श्रेया त्या फ्रेममध्ये उभी राहिली. नऊ वर्षांची आहे, आयुष्यात पहिल्यांदाच उभी होती. तिची आई समोर आली, खालून वरपर्यंत बघत राहिली आणि म्हणाली, "अगं बया... लय उंच झालीस की गं!"

परवानगीचं सगळं अजून बाकीच आहे, आणि खरं सांगतो, कंटाळलोय. पण तुमचे पैसे पोचले असोत की परत गेले असोत... त्या माउलीला लेकीची उंची दिसली, ती तुमच्यामुळे.